चार मिळवून वाचायचं मशीन

मिस्त्रींच्या खोलीत जायचं तर इस्पितळाच्या तळघरात उतरावं लागे, कपडे धुण्याच्या यंत्रांना वळसा घालावा लागे आणि शेवटी गरम पाण्याच्या पाइपाखालून वाकावं लागे. वाकायला विसरणाऱ्याच्या कपाळाला हमखास टेंगूळ यायचं. तो ठण्ण आवाज ऐकला की मिस्त्री मान वर न करता म्हणायचे, "आलात का? बसा."

दारावरच्या पाटीवर त्यांच्या हुद्द्याचं चांगलं लांबलचक नाव होतं, पण ते वाचायला कुणाला सवड नव्हती. इस्पितळातली सगळी यंत्रं ते बघायचे, म्हणून ते मिस्त्री. सत्तावीस वर्षं. बायको म्हणायची, "ह्यांना मशीन शिंकलं तरी कळतं. मी तापाने फणफणले तरी विचारतील, आज भाजीत मीठ का नाही?" यात थोडी अतिशयोक्ती होती, पण थोडीच.

माणूस शिस्तीचा. शिस्तीचा म्हणजे इतका की जवळच्यांना नको नको व्हावं. एखाद्या यंत्राबद्दल शंका आली की ते त्याच्या पडद्यावर एक लाल चिठ्ठी चिकटवायचे. काय बिघडलंय, कधीपासून, आणि खाली सही. चिठ्ठी लागली की यंत्र बाद. ती काढायची तर मिस्त्रींनीच काढायची. मोठ्या डॉक्टरांनी एकदा एका चिठ्ठीला हात लावला होता, तेव्हा मिस्त्री त्यांना सगळ्यांसमोर म्हणाले होते, "साहेब, मी तुमच्या पेशंटचे टाके काढतो का?" त्या दिवसापासून लाल चिठ्ठी म्हणजे मिस्त्रींचा शब्द, असंच सगळे मानू लागले. निदान मिस्त्री तरी तसं समजत होते.

तिसऱ्या मजल्यावर दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांचा विभाग होता. काचेच्या बारा पेट्या, आणि प्रत्येक पेटीत एक जीव. मिस्त्री तिथे दर मंगळवारी नऊला जायचे आणि बाराला खाली यायचे. प्रत्येक यंत्र तपासायचं, वहीत नोंद करायची आणि मग दुधाच्या खोलीत मोठ्या सिस्टरबरोबर चहा. मोठी सिस्टर म्हणजे त्या विभागाचा कणा. सुतासारख्या शिरेत सुई घालावी तर तिनेच. डॉक्टरांचे हात टेकले की तेही मुकाट्याने तिला हाक मारायचे. मिस्त्रींच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा ती रोज येऊन त्यांच्या उशाशी बसायची आणि त्यांना सलाइनच्या पंपाचं झाकण उघडू द्यायची नाही. वीस वर्षांची ओळख. मिस्त्रींना सख्खी बहीण नव्हती, आणि कधी त्याची उणीव भासली नाही ती या बाईमुळे.

आता अकरा नंबरच्या मॉनिटरबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यापाशी येऊन थांबतं. बाळाच्या पावलाला एक पट्टी गुंडाळतात, तिच्यातला लाल दिवा कातडीतून आरपार जातो आणि रक्तात ऑक्सिजन किती आहे ते पडद्यावर आकड्यात दिसतं. इतक्या लवकर जन्मलेल्या बाळांचा हा आकडा नव्वद ते पंच्याण्णवच्या आत ठेवायचा असतो. कमी झाला तर मेंदूला धोका, जास्त झाला तर डोळ्यांना. आपल्याला वाटतं ऑक्सिजन जितका जास्त तितका बरा. तसं नसतं. सिस्टर लोक दिवसभर त्या आकड्याकडे डोळ्यात तेल घालून बघत असतात आणि ऑक्सिजनची कळ केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवत असतात. अकरा नंबर हा आकडा चारने कमी दाखवू लागला होता. मिस्त्रींनी आतला भाग मागवला, चिठ्ठीवर लिहिलं 'चार कमी दाखवतो, वापरू नये', ती पडद्यावर चिकटवली आणि मॉनिटर विभागाच्या साठ्याच्या खोलीत ठेवून दिला. भाग यायला दोन महिने लागणार होते.

याला पंधरवडा झाला नाही तोच मिस्त्रींच्या लेकीला पंचविसाव्या आठवड्यात कळा सुरू झाल्या.

तिच्या घराजवळ दुसरं इस्पितळ होतं, चकचकीत, दारात कारंजं असलेलं. जावई तिकडेच निघाला होता. लेक त्याही अवस्थेत म्हणाली, "नाही. बाबांच्या इस्पितळात. तिथली मशीनं बाबांच्या हाताखालून गेलेली आहेत." मिस्त्रींना हे नंतर जावयाने सांगितलं. त्यांना तेव्हा धन्य वाटलं होतं. पुढे हेच वाक्य त्यांना टोचत गेलं.

मुलगी झाली. सातशे वीस ग्रॅम. पेटी नंबर सात. मिस्त्रींनी तिला पहिल्यांदा काचेतून बघितलं. कातडी इतकी पातळ की आतल्या शिरा मोजता याव्यात. हात त्यांच्या अंगठ्याएवढा. आजीने तिला चिंगी म्हटलं आणि तेच नाव राहिलं.

आत फक्त आईबापांना जायची परवानगी होती. मिस्त्रींना कुणी अडवलं नसतं, पण त्यांनी स्वतःलाच अडवलं. "आजोबा म्हणून आत जाणार नाही. मंगळवारी मिस्त्री म्हणून जाईन, तेव्हा बघेन." बायको कडाडली, "अहो, नात आहे ती, वॉशिंग मशीन नाही!" पण ते हटले नाहीत. इतर वेळी काचेबाहेर उभे राहायचे आणि तिथून यंत्रांचे पडदे काही दिसायचे नाहीत.

पहिल्या मंगळवारी ते आत गेले. सात नंबरच्या पेटीशी उभा असलेला मॉनिटर पाच नंबरचा होता, विभागातला सगळ्यात नवा. त्यांनी तो दोनदा तपासला. मग आजूबाजूला कुणी बघत नाही असं बघून त्याच्या पाठीवर थोपटलं, जसं आपण एखाद्या भल्या माणसाला थोपटतो तसं. मोठी सिस्टर मागेच उभी होती. म्हणाली, "काळजी करू नका मिस्त्री. पोर माझी आहे." त्यांचा जीव भांड्यात पडला.

आणि पोर खरोखर झुंजत होती. फुफ्फुसं उघडावीत म्हणून तिच्या श्वासनळीत औषध सोडलं होतं. ती मध्येच श्वास घ्यायला विसरायची, त्यासाठी तिला कॉफीत असतं तेच द्रव्य थेंबाथेंबाने देत होते. आजी म्हणाली, "सातशे ग्रॅमचं पोर, अजून दूध पचत नाही आणि कॉफी पितंय. आजोबांवर गेलंय." डोक्याच्या मऊ टाळूवरून मेंदूचं चित्र घेतलं, रक्तस्राव नव्हता. लेक दर तीन तासांनी दूध काढून द्यायची आणि ते नळीने चिंगीच्या पोटात जायचं, एका वेळी चमचाभरसुद्धा नाही. दहाव्या दिवशी श्वासाची नळी निघाली आणि नाकाशी नुसता ऑक्सिजन राहिला. लेकीने तिला पहिल्यांदा उघड्या छातीशी धरलं, तेव्हा ती तासभर हललीच नाही. दोघीही.

तिसऱ्या आठवड्यात मोठी सिस्टर रजेवर गेली. त्या आठवड्यातल्या मंगळवारी मिस्त्री आत गेले तर पाच नंबरवर चिंगीचा आकडा सत्त्याण्णव दिसत होता. ते डॉक्टर नव्हते, पण इतकं त्यांना कळत होतं. तिथल्या तरुण सिस्टरला म्हणाले, "जरा जास्त वाटतोय नाही का?" ती गोंधळली, "आत्ता तर ब्याण्णव होता," असं म्हणाली आणि तिने कळ थोडी कमी केली. आकडा खाली आला. मिस्त्री समाधानाने पुढच्या पेटीकडे वळले.

पाचव्या आठवड्याच्या शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरबाई आल्या. नियमाने त्या सहाव्यात येतात, पण रजेवरून परतलेल्या मोठ्या सिस्टरने त्यांना आठवडाभर आधी बोलावून घेतलं होतं. "पोरीच्या बाबतीत उगाच उशीर नको," ती म्हणाली, आणि मिस्त्रींना तिचं कौतुक वाटलं.

तपासून झाल्यावर डॉक्टरबाईंनी लेकीला आणि मिस्त्रींना बाहेर बसवलं आणि सावकाश समजावलं. डोळ्याच्या मागच्या पडद्यातल्या रक्तवाहिन्या नवव्या महिन्यापर्यंत वाढत असतात. बाळ एवढं लवकर आलं की ती वाढ अर्धी राहते. मग कधी कधी त्या भलत्याच दिशेने फोफावतात, पडदा ओढतात, आणि पडदा सुटला तर नजर जाते. चिंगीच्या दोन्ही डोळ्यांत ती सुरुवात दिसत होती. आता दर तीन दिवसांनी बघायचं. वाढलं तर डोळ्यात औषधाचं इंजेक्शन.

"डोळ्यात?" लेक म्हणाली.

"पूर्वी फक्त लेझर होतं. त्यात पडद्याचा काही भाग जाळावाच लागतो. हे औषध त्या वाहिन्यांना थांबवतं आणि नीट वाढायला पुन्हा संधी देतं. अजून आम्हीही शिकतोय, नंतर महिनोन्महिने लक्ष ठेवावं लागतं. पण गुण येतो." मग त्या जरा थांबल्या. "एवढ्या लवकर आलेल्या बाळाला हे कुणाची काही चूक नसतानाही होऊ शकतं. जास्त ऑक्सिजनने वाढतं, हे खरं. पण फाइलमधले आकडे तर अगदी सरळ आहेत. एक्क्याण्णव, ब्याण्णव, रोज तेच. इतकी छान नोंद मी क्वचित बघते."

त्या गेल्यावर लेकीने विचारलं, "बाबा, मशीन बरोबर होतं ना?"

"अगं, पाच नंबर आहे तो. मी स्वतः तपासलाय, दर मंगळवारी."

"मग ठीक आहे," ती म्हणाली आणि दूध काढायला निघून गेली.

दोनच दिवसांनी अकरा नंबरचा भाग आला. मिस्त्रींचं मन कशातच लागत नव्हतं. म्हटलं, चला, हातांना तरी काम. मंगळवार नव्हता, गुरुवार होता. ते तिसऱ्या मजल्यावर गेले आणि साठ्याच्या खोलीचं दार उघडलं, तर अकरा नंबर जागेवर नव्हता. फळीच्या खालच्या खणात, हातमोज्यांच्या खोक्याखाली, त्यांची लाल चिठ्ठी मात्र होती. त्यांनी ती उचलली. ती जाड लागली. चिकटपट्टीवर चिकटपट्टी, तिच्यावर आणखी एक. पाच थर. चिकटवलेली, सोडवलेली, पुन्हा चिकटवलेली.

ते विभागात शिरले. सात नंबरच्या पेटीशी अकरा नंबर उभा होता. पडद्यावर अठ्ठ्याऐंशी.

तरुण सिस्टर म्हणाली, "मिस्त्री, आज तुमचा दिवस नाही ना?" यात तिचा काही दोष नव्हता, पण ते वाक्य मिस्त्रींच्या काळजात रुतलं ते कायमचं.

त्यांनी आरडाओरडा केला नाही. खालून एक चांगला मॉनिटर आणला, चिंगीच्या पावलाची पट्टी त्याला जोडली, नवा आकडा ब्याण्णव आला तो बघितला आणि अकरा नंबर काखेत घालून तळघरात उतरले. पाइपाखाली वाकायला विसरले. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा.

यंत्रं माणसांसारखी नसतात, विचारलं की सांगून टाकतात. अकरा नंबरच्या पोटात गेल्या कित्येक आठवड्यांचे आकडे साठवलेले होते. मिस्त्रींनी ते पडद्यावर उघडले. चिंगीच्या जन्माच्या दिवसापासून रेघ सुरू होत होती. पहिले दोन आठवडे सत्त्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी. त्यात चार मिळवले की बरोबर ब्याण्णव. मग एकदम रेघ वर चढून ब्याण्णववर गेली होती आणि अकरा दिवस तिथेच राहिली होती. म्हणजे खरे शहाण्णव, सत्त्याण्णव. अकरा दिवस. मग पुन्हा खाली. आणि दर मंगळवारी, नऊ ते बारा, रेघ तुटलेली. त्या तीन तासांत काहीच नाही.

मंगळवारी नऊ ते बारा. म्हणजे ते यायच्या आधी यंत्र बदललं जात होतं आणि ते गेले की परत आणलं जात होतं. त्यांनी पाच नंबरच्या पाठीवर थोपटलं होतं ते आठवलं, आणि भर दुपारी, आपल्याच खोलीत, एकट्यानेच, त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सत्त्याण्णव दिसला होता तेव्हा तरुण सिस्टर का गोंधळली, तेही आता कळलं. आपल्या डोळ्यांत धूळ फेकायला एवढी मोठी व्यवस्था चालली होती, अगदी वेळापत्रक लावून, आणि आपण दर आठवड्याला चहा पिऊन, आभार मानून खाली येत होतो.

दुधाच्या खोलीत मोठी सिस्टर बाटल्यांवर चिठ्ठ्या लावत होती. मिस्त्रींनी दार लोटलं आणि लाल चिठ्ठी तिच्यासमोर ओट्यावर ठेवली. तिने ती बघितली आणि हातातली बाटली खाली ठेवली.

"पोरगी जन्मली तेव्हा बारापैकी बाकी सगळे मॉनिटर गुंतलेले होते आणि उरला हा अकरा नंबर," ती म्हणाली. "तिला मशीनशिवाय ठेवू? मी म्हटलं चार मिळवून वाचा. आणि वाचत होतो आम्ही. दोन आठवडे एका आकड्याची चूक झाली नाही."

"मला बोलवायचं होतं."

"तुम्ही मशीन उचलून नेलं असतं."

"अर्ध्या तासात दुसऱ्या विभागातून आणून दिलं असतं! सिस्टर, माझी नात होती ती! मी भीक मागून आणलं असतं!"

हे तिला तेव्हा सुचलंच नव्हतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. इतक्या वर्षांत चिठ्ठी काढून काम भागवायची सवय अशी अंगवळणी पडली होती की मिस्त्रींना विचारणं हा रस्ताच त्या विभागात बुजून गेला होता. पेट्या भरल्या की चिठ्ठीचं यंत्र बाहेर काढायचं, मंगळवारी सकाळी कामवाल्या मावशीने ते परत ठेवून चिठ्ठी लावायची आणि बाळंतपणाच्या खोलीसाठी राखलेलं एखादं चांगलं यंत्र तीन तासांपुरतं त्याच्या जागी उभं करायचं. एक यंत्र नाही, एक वर्ष नाही.

"मग अकरा दिवस काय झालं?" मिस्त्रींनी विचारलं.

"मी रजेवर होते. चार मिळवायचे हे वहीत लिहिता येत नाही ना. लिहिलं तर कळेल की चिठ्ठीचं मशीन वापरतोय. तोंडी सांगायचं, पाळी बदलताना. एका दुपारी चार्ज देता देता तीन नंबरच्या बाळाचा श्वास थांबला, सगळ्या तिकडे धावल्या. सांगायचं राहिलं. पुढचीला माहीत नव्हतं, तिने दिसेल तो आकडा खरा धरला. तिने तिच्या पुढचीला तेच सांगितलं." तिने लाल चिठ्ठी उलटी करून ठेवली. "मी परत आले आणि पहिल्याच तासाला लक्षात आलं. लगेच कमी केला. डोळ्यांच्या बाईंना म्हणूनच तर लवकर बोलावलं."

"आणि मला?"

सिस्टरने ओट्यावरच्या बाटल्या उगाच सरळ रांगेत लावल्या.

"दोन मंगळवार चहा दिलात मला, सिस्टर. याच खोलीत. साखर किती म्हणून विचारलंत."

तिने पदराने डोळे पुसले. मिस्त्रींना त्या डोळ्यांची दया आली नाही. मग ती खालच्या मानेने म्हणाली, "मिळवून वाचायचं तुम्हीच शिकवलंत मिस्त्री. आठवतं? विभाग नवा होता. तेव्हा तीन मिळवायचे होते. तुम्ही म्हणालात, भाग येईपर्यंत चालवून घ्या, सिस्टर, डोक्यात हिशेब ठेवा."

मिस्त्रींना आठवलं. ते खरं होतं. लाल चिठ्ठीचा नियम त्यांनी त्यानंतर केला होता, त्या चुकीची लाज वाटून. नियम त्यांनी पाळला, आणि विभागाने चूक. ते बाहेर पडले. त्या दिवसापासून त्या दोघांचा चहा तुटला.

आता कुणीही म्हणेल, त्यांनी त्याच पावली लेकीकडे जायला हवं होतं. ते गेलेही, तासाभराने. ती चिंगीला छातीशी घेऊन बसली होती आणि तिच्या पाठीमागे, पट्ट्या नीट करत, मोठी सिस्टर. दुसऱ्या कुणाच्या हाताने त्या पोरीच्या शिरेत सुई जात नव्हती, आणि पुढचे दोन महिने ती त्याच हातांत राहणार होती. केसाने गळा कापणारे हात, आणि नातीला जगवणारेही तेच. लेकीला सांगितलं तर ती त्या बाईला पोरीजवळ फिरकू देणार नव्हती. तिचं दूध आटलं तर? मिस्त्रींनी ठरवलं, थोडं थांबू. डोळ्यांचं कळू दे. मग वजन वाढू दे. मग घरी जाऊ दे. थांबायला कारणं कमी पडत नाहीत.

सातव्या आठवड्यात दोन्ही डोळ्यांत इंजेक्शन दिलं. उजव्या डोळ्यातल्या वाहिन्या शांत झाल्या आणि हळूहळू नीट वाढू लागल्या. डाव्यात थोडा गुण आला आणि मग पडदा एका कडेने सुटला. ऑपरेशन झालं. डॉक्टरबाई म्हणाल्या, या डोळ्याला उजेड आणि अंधार कळेल, त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नका. लेक रडली, मग म्हणाली, "एक तर आहे ना." मिस्त्री तिच्याशेजारी बसून होते आणि अकरा दिवस मोजत होते. त्या अकरा दिवसांमुळे डोळा गेला, की तो असाही जाणारच होता, हे जगातलं कुठलंही यंत्र त्यांना सांगणार नव्हतं.

चौदाव्या आठवड्यात चिंगी घरी आली. अडीच किलो, गालांवर चक्क मांस. फुफ्फुसं अजून कच्ची, म्हणून नाकाशी बारीक नळी, खाटेशी ऑक्सिजनचं यंत्र आणि एक छोटा मॉनिटर. सकाळचं ऊन खोलीत आलं होतं. उजव्या डोळ्याने ती खिडकीकडे बघायची आणि आजी तिच्यासमोर लाल चेंडू हलवून "बघ बघ, बघतेय गं बाई!" म्हणत घर डोक्यावर घेत होती. मॉनिटरवर त्र्याण्णव होते. लेकीने पट्टी नीट केली आणि अगदी सहज, मागे न बघता विचारलं, "बाबा, हे बरोबर आहे ना?"

तोच प्रश्न. मिस्त्रींनी तोंड उघडलं आणि 'हो' काही बाहेर पडेना. मग सगळंच बाहेर पडलं. अकरा नंबर, लाल चिठ्ठी, पाच थर, मंगळवारची तुटलेली रेघ, चार मिळवायचे आणि न मिळवलेले, आणि पंधरा वर्षांपूर्वीचे तीन. बोलताना ते मोठ्या सिस्टरवर चांगलेच चिडले. "वीस वर्षं बहीण मानली मी तिला! आणि पोरगी माझी आहे म्हणत, तोंडावर हसत..."

लेकीने शेवटपर्यंत ऐकलं. आजीच्या हातातला चेंडू हलायचा थांबला होता.

"तुम्हाला कधी कळलं?" लेकीने विचारलं.

"त्या गुरुवारी. डोळ्यांच्या बाई आल्या, त्याच्या दोन दिवसांनी."

तिने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. त्याच्यावर चिंगीचं रोजचं वजन लिहिलेलं होतं. तिने पानं मागे उलटली, मग पुढे आणली.

"सिस्टर बारा दिवस गप्प राहिल्या," ती म्हणाली. "तुम्ही दोन महिने."

"अगं, तुझ्यासाठीच... पोरीसाठी..."

"त्याही तेच म्हणाल्या असतील."

लेक त्याच आठवड्यात इस्पितळात गेली आणि तक्रार लिहून आली, सगळ्यांची नावं घालून, वडिलांचंही. चौकशी बसली. मोठ्या सिस्टरने काहीही नाकारलं नाही, आणि मिस्त्रींनीही. मिस्त्री आता बिघडलेल्या यंत्राला चिठ्ठी लावत नाहीत, त्याची वायरच कापून खिशात घालतात. तिसऱ्या मजल्यावर कुठल्याही वारी, कुठल्याही वेळी जातात. दुधाच्या खोलीशी थांबत नाहीत.

पण हे नंतरचं. त्या सकाळी लेकीने फोन उचलला आणि मॉनिटर भाड्याने देणाऱ्यांच्या माणसाला बोलावून घेतलं. तो तासाभरात आला. पाठीवर पिशवी, हातात तपासणीचं यंत्र. मिस्त्री खुर्चीवरून उठून बाजूला झाले. त्याने पट्टी जोडली, आकडे ताडून बघितले, दोनदा. मिस्त्रींनी त्याचे हात बघितले. काम चोख होतं.

"अगदी बरोबर आहे, ताई," तो म्हणाला.

तो गेल्यावर तिने दार लावलं, चिंगीला उचलून खांद्यावर घेतलं आणि वडिलांकडे बघितलं. तिला राग आलेला दिसत नव्हता, आणि तेच मिस्त्रींना सहन होईना.

"मी तुम्हाला विचारलं होतं, बाबा," ती म्हणाली.